स्वराखालचा ठिपका : मंद्र-तार स्वरांच्या लेखनाची एक समीक्षा

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, एका ठिपक्यावर तासभर काय बोलणार? आपल्याकडे स्वरलिपीवर बोलायचं म्हटलं की बहुधा एकच वाद निघतो : गाणं कागदावर लिहिता येतं की नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. गाणं लिहिलं गेलेलंच आहे. भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका सहा भागांत आहे, ती मुळात मराठीत लिहिली गेली आणि आज अनेक घरांत, वर्गांत उघडली जाते. तेव्हा विचारायचा प्रश्न असा : लिहिलेलं वाचताना वाचक कुठे अडखळतो आणि का?

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. कोणतीही चिन्हव्यवस्था मधल्या भागात चांगलीच चालते. मध्य सप्तकातला सा, रे, ग लिहायला कुणालाच त्रास होत नाही. तिची परीक्षा होते ती टोकाला, म्हणजे स्वर फार खाली गेला किंवा फार वर गेला की. म्हणून ठिपका. मंद्राचा आणि तारेचा.

आधी 'वर' आणि 'खाली' या शब्दांकडे बघू. आपण स्वराला उंच म्हणतो, पण स्वर कुठे उंचावर नसतो. तो दर सेकंदाला जास्त वेळा कंप पावतो, एवढंच. मराठीत याला किती वेगवेगळे शब्द आहेत बघा. आवाज चढा असतो, बारीक असतो, टिपेला पोचतो. उलट बाजूला तो ढाला असतो, जाड असतो, खर्जातला असतो. म्हणजे एकाच गोष्टीला आपण कधी उंची मानतो, कधी जाडी. आणि वाद्यांकडे गेलो तर सगळंच फिरतं. हार्मोनियमवर चढा स्वर उजवीकडे असतो. सारंगी उभी धरलेली असते, तिची घोडी खाली असते. त्यामुळे सारंगियाला स्वर जसजसा चढवायचा तसतसा हात खाली न्यावा लागतो. त्याच्या हाताला विचारलं तर तार सप्तक 'खाली' आहे.

मग ही उंची आली कुठून? आपल्या परंपरेचं उत्तर शरीरातून येतं. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकर लिहिला. त्यात मंद्राचं स्थान हृदयात, मध्याचं कंठात आणि तारेचं मस्तकात सांगितलं आहे, आणि प्रत्येक स्थान आधीच्याच्या दुप्पट आहे. या एका सांगण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. 'दुप्पट' हे माप आहे, आणि आजचं ध्वनिशास्त्रही तेच सांगतं : सप्तक बदललं की कंपनसंख्या दुप्पट किंवा निम्मी होते. 'छाती, गळा, डोकं' हा मात्र गाणाऱ्याचा अनुभव आहे. माप आणि अनुभव यांतलं नेमकं काय कागदावर उतरवायचं, हा स्वरलिपीपुढचा खरा प्रश्न आहे. आपल्या ठिपक्याने त्याला दिलेलं उत्तर मोठं विचार करण्यासारखं आहे.

आता प्रत्यक्ष चिन्हांकडे येऊ. भातखंडे पद्धतीत मध्य सप्तकाच्या स्वराला सप्तकाचं कोणतंच चिन्ह नसतं. मंद्र स्वराच्या खाली ठिपका, तार स्वराच्या वर ठिपका. अतिमंद्र असेल तर खाली दोन ठिपके, अतितार असेल तर वर दोन. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. ऋग्वेदाच्या छापील संहितेतही अनुदात्ताखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी रेघ असते, आणि उदात्ताला काहीच खूण नसते. म्हणजे अक्षराच्या वर-खाली खुणा करून स्वर दाखवणं देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याला नवं नाही. यातून एक धडाही मिळतो. वेदांत ज्याला खूण नाही तो उदात्त, म्हणजे 'वरचा' मानलेला स्वर. भातखंड्यांकडे ज्याला खूण नाही तो मधला. तेव्हा खूण नसणं हेही एक चिन्हच असतं, आणि त्याचा अर्थ प्रत्येक व्यवस्थेत शिकावा लागतो.

भातखंड्यांच्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्करांनी वेगळी पद्धत रूढ केली. त्यांचं गांधर्व महाविद्यालय १९०१ मध्ये लाहोरला सुरू झालं आणि त्या पद्धतीत पुढे पिढ्या शिकल्या. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वराच्या वर ठिपका असतो आणि तार स्वराच्या वर उभी रेघ.

इथे जरा थांबा. स्वराच्या वरचा ठिपका : भातखंड्यांकडे तार, पलुस्करांकडे मंद्र. स्वराच्या वरची उभी रेघ : भातखंड्यांकडे मध्यम तीव्र झाला, पलुस्करांकडे स्वर तार सप्तकात गेला. म्हणजे चिन्ह तेच, जागा तीच, आणि अर्थ एक तर नेमका उलटा किंवा पूर्णपणे निराळा. एका पद्धतीत वाढलेल्याने दुसऱ्या पद्धतीतलं पान सवयीने वाचलं, तर तार षड्जाच्या जागी त्याला मंद्र षड्ज दिसेल. चूक एका सप्तकाची नाही, दोन सप्तकांची!

परीक्षेला या दोन पद्धतींची तुलना हमखास विचारतात. विद्यार्थी तक्ता पाठ करतात, दोन रकाने भरतात, गुण मिळवतात. पण त्या तक्त्यात एक प्रश्न कधी येत नाही : या फरकाने गाण्याचं काय होतं? सप्तक चुकलं तर फार तर काय बिघडेल, सा तो सा, असं कुणी म्हणेल. म्हणून पूरिया, मारवा आणि सोहनी यांच्याकडे जाऊ.

तिन्ही राग मारवा थाटातले. तिन्हींत ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे शुद्ध, आणि पंचम तिन्हींत वर्ज्य. स्वरांची यादी केली तर तिन्ही याद्या एकच निघतात. फरक पडतो तो चलनाने, वादी-संवादीने, आणि राग कोणत्या सप्तकात राहतो याने. पूरिया मंद्रात रमतो. मारवा मध्य सप्तकात, कोमल ऋषभ आणि धैवताच्या ताणावर उभा असतो. सोहनीचा सगळा ओढा उत्तरांगाकडे, तार षड्जाकडे. आता तीव्र मध्यम, धैवत, निषाद, षड्ज अशी चार अक्षरं कागदावर लिहा. पहिल्या तिघांखाली ठिपके आणि षड्ज मोकळा, तर आपण मंद्रात आहोत, पूरियाच्या घरात. पहिले तिघे मोकळे आणि षड्जावर ठिपका, तर सोहनीच्या दारात. अक्षरं तीच, ठिपके तेवढे हलले. भूप आणि देशकार यांचंही तसंच. स्वर पाच आणि तेच, पण एक पूर्वांगात वावरतो, दुसरा उत्तरांगात.

तेव्हा ठिपका हा स्वराचा अलंकार नव्हे. काही रागांत ती रागाची ओळख आहे. छापताना ठिपका गळला, तर एक स्वर बिघडला असं नाही, राग बदलला.

आता पाश्चात्त्य लेखनाकडे वळू, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय आपल्या ठिपक्याचं वैशिष्ट्य कळत नाही. तिथे पाच रेघा असतात. प्रत्येक स्वराला आपली जागा असते, आणि उंची डोळ्यांना खरोखर उंचीच दिसते. स्वर चढला की टिंब वर जातं. चालीचा आकार न गाताही दिसतो. हा त्या पद्धतीचा मोठा गुण, आणि आपल्या लिपीत तो नाही. आपल्याकडे मंद्र पंचम आणि तार पंचम एकाच ओळीत, एकाच उंचीवर बसतात. त्यांच्यातलं अंतर डोळ्यांना दिसत नाही, ठिपका वाचून समजून घ्यावं लागतं.

पण टोकाला गेलं की त्या पद्धतीचीही दमछाक होते. पाच रेघा संपल्या की वर-खाली छोट्या जादा रेघा जोडायच्या. त्यांना लेजर लाइन म्हणतात. मोझार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरात रात्रीच्या राणीचा जो सर्वांत उंच स्वर आहे, तो तिसऱ्या जादा रेघेच्याही वर बसतो. तिथपर्यंत डोळा निभावतो. पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी लिहायची तर नऊ जादा रेघा लागतात. एका नजरेत तीन-चार वस्तू न मोजता कळतात. नऊ रेघा बोट ठेवून मोजाव्या लागतात, आणि वाजवताना बोट मोकळं कुठून असणार? म्हणून तिथे एक युक्ती काढली. स्वर सोयीच्या जागी लिहायचे आणि वर एक आकडा आणि तुटक रेघ ओढायची : इथून इथपर्यंत एक सप्तक वर वाजवा. गिटारचे स्वर तर कायमच प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहितात, पिकोलो या छोट्या बासरीचे एक सप्तक खाली. म्हणजे जी पद्धत उंची 'दाखवते' असं आपण म्हणतो, ती टोकाला पोचल्यावर दाखवणं सोडते आणि सांगू लागते. शेवटी तिलाही एक खूणच लागते. आपला ठिपका ते काम पहिल्यापासून करतो आहे.

दोन्ही पद्धतींतला खरा फरक मात्र याहून खोल आहे. पाच रेघांवरचा स्वर एका ठरलेल्या कंपनसंख्येकडे बोट दाखवतो. आपला षड्ज तसा नाही. समजा एक गायक काळी एकमध्ये गातो. त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, तार षड्ज २७७ चा. एक गायिका काळी पाचमध्ये गाते. तिचा मध्य षड्ज २३३ च्या आसपास. गणित करून बघा : गायकाचा तार षड्ज म्हणजे गायिकेचा मध्य सप्तकातला कोमल गंधार. ध्वनी तोच. एकाच्या कागदावर तो टिपेचा स्वर, दुसरीच्या कागदावर बिनठिपक्याचा, गळ्यात सहज बसणारा.

मग ठिपका खोटं बोलतो का? आमच्या मते तो वेगळ्या गोष्टीबद्दल खरं बोलतो. तो ध्वनीची उंची सांगत नाही, गाणाऱ्याच्या षड्जापासूनचं नातं सांगतो. घरच्या आरतीत आजोबा, आई आणि लहान मूल एकच चाल गातात. कानांना ते एकच गाणं वाटतं. मोजमाप केलं तर आजोबा बाकीच्यांपेक्षा एक सप्तक खाली असतात. त्यांना कुणी बेसूर म्हणत नाही. ती आरती भातखंडे पद्धतीत लिहिली तर तिघांसाठी एकच ओळ पुरते. पाश्चात्त्य पद्धतीत त्यांचे आवाज जसेच्या तसे लिहायचे तर आजोबांची ओळ वेगळी काढावी लागते. शार्ङ्गदेवांनी सांगितलेली छाती, गळा आणि डोकं प्रत्येकाची स्वतःची असतात. ठिपका त्या अनुभवाच्या बाजूचा आहे.

इथे अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांचा विचार उपयोगी पडतो. १९६८ च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात त्यांनी चिन्हलिपीसाठी काही अटी घातल्या. सोप्या भाषेत सांगायचं तर, एका चिन्हाची दुसऱ्याशी गल्लत होऊ नये. कोणती खूण कोणत्या चिन्हाची हे ठरवता यावं. आणि एका चिन्हाला एकच अर्थ असावा. गंमत अशी की स्वतंत्रपणे पाहिलं तर सप्तकाच्या खुणांपुरत्या भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धती या अटी पाळतात. गोंधळ होतो तो पान कोणत्या पद्धतीचं आहे हे पानावर लिहिलेलं नसतं तेव्हा. दोष चिन्हाचा नाही, संपादनाचा आहे.

पण गुडमन पुढे जाऊन म्हणतात की एक स्वर जरी चुकला तरी ते सादरीकरण त्या कृतीचं राहत नाही. हे आपल्याला कितपत मानवेल? आपल्याकडे अख्खी बंदिश काळी एकमधून काळी पाचमध्ये नेली तर प्रत्येक ध्वनी बदलतो आणि बंदिश मात्र तीच राहते. उलट, पट्टी तीच ठेवून फक्त चार स्वर एका सप्तकाने हलवले, तर पूरियाची सोहनी होऊ लागते. म्हणजे बंदिशीची ओळख ध्वनींत नाही, ध्वनींच्या परस्परनात्यात आहे. गुडमन यांनी अट बरोबर शोधली, पण ती कशाला लावायची याचं उत्तर प्रत्येक संगीताला स्वतः द्यावं लागतं. आपलं उत्तर त्या ठिपक्यात आहे.

एवढी बाजू घेतल्यावर आता ठिपक्यावर टीका केली पाहिजे. कागदावर त्याची फार अडचण होते. भातखंड्यांच्या पानावर स्वराच्या वर काय काय असतं? कणस्वर, मींडेची कमान, तीव्र मध्यमाची रेघ आणि तारेचा ठिपका. खाली? एका मात्रेतले स्वर बांधणारी कमान, कोमलाची रेघ आणि मंद्राचा ठिपका. मंद्रातला कोमल निषाद द्रुत लयीत आला की एका अक्षराखाली तीन खुणा दाटतात. त्याच्याखाली लगेच गीताची ओळ, आणि त्या ओळीच्या डोक्यावर तिचे स्वतःचे अनुस्वार. वरच्या स्वराचा ठिपका कुठे संपतो आणि खालच्या शब्दाचा अनुस्वार कुठे सुरू होतो, हे जुन्या, शाई फुटलेल्या पानावर सांगता येत नाही. गुडमन यांची दुसरी अट इथे मोडते. तत्त्वात नाही, छपाईत.

दुसरं, तारेचा ठिपका देवनागरीत अनुस्वारच दिसतो. नवशिक्या 'सां' हे अक्षर बघतो आणि नाकातून म्हणतो. हसू नका, त्याला लहानपणापासून तसंच वाचायला शिकवलेलं आहे.

तिसरं संकट आजचं. आता स्वरलिपी फोनवर फिरते. टंकलेखन करणारे तारेसाठी अनुस्वार वापरतात, मंद्रासाठी नुक्ता, आणि कोमलासाठी अक्षर अधोरेखित करतात. अनुस्वार आणि नुक्ता ही लिपीचीच चिन्हं असल्यामुळे मजकुराबरोबर जातात. अधोरेखन ही बहुतेक वेळा नुसती सजावट असते. साध्या मजकुरात चिकटवलं की गळून पडते. परिणाम काय? सप्तक शाबूत राहतं आणि सगळे कोमल स्वर शुद्ध होतात. पूर्वी खिळा झिजला की एक ठिपका जायचा, आता एका झटक्यात पानातले सगळे कोमल जातात, आणि पान दिसायला मात्र अगदी स्वच्छ असतं.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : विद्या गुरुमुखातून घ्यायची असते, कागदाची चिंता कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मंद्रातला षड्ज लावताना छाती कशी भरते, तार पंचमाला पोचताना गळा आवळू नये म्हणून काय करायचं, हे कोणताही ठिपका शिकवत नाही. अतितारेचे दोन ठिपके वाचणं आणि तिथे सुरेल राहणं यांत वर्षांचं अंतर आहे. पण ज्यांना गुरू मिळाला त्यांच्यासाठी कागद ही आठवण असते; ज्यांना मिळाला नाही, तालुक्याच्या गावी हार्मोनियमवर एकटे बसून जे बंदिश लावतात, त्यांच्यासाठी कागद हाच गुरू असतो. त्यांना चुकीचा ठिपका दाखवणं म्हणजे चुकीची तालीम देणं. गुरुमुखी परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यायला हवं.

मग करायचं काय? नवी पद्धत शोधायची गरज नाही. तीन साध्या गोष्टी पुरे आहेत. एक, स्वरलिपीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर पद्धतीचं नाव लिहा, आणि शक्य तर मंद्र, मध्य, तार षड्ज कसे लिहिले आहेत ते दाखवणारी एक ओळ. दोन, फोनवर पाठवायची असेल तर मजकूर म्हणून न पाठवता पानाचं चित्र पाठवा, म्हणजे कोमल गळणार नाहीत. तीन, शिकवताना स्वर वाचताना सप्तक तोंडाने म्हणवून घ्या : 'मंद्र नि', 'तार सा'. पहिले काही आठवडे हे कंटाळवाणं वाटतं. पण त्यामुळे डोळा ठिपक्यावर थांबायला शिकतो, आणि डोळा थांबला तरच गळा योग्य जागी जातो.

आता प्रश्नांकडे वळू. आणि ज्यांच्याकडे घरी जुनी क्रमिक पुस्तकं असतील, त्यांनी आज पूरिया आणि सोहनी यांची पानं शेजारी शेजारी ठेवून फक्त ठिपके वाचून बघावेत. राग गायला येत नसला तरी चालेल.